घोरणं थांबतं आणि परत सुरू होतं, मग नक्की अडतंय कुठे?

घोरण्यावर काहीतरी उपाय केला की आठ-दहा दिवस घरात शांतता, सगळे खूश, आणि मग एका रात्री परत तोच आवाज, हे ज्यांच्या घरी चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे नवरा आणि सासरे दोघंही घोरणारे, त्यामुळे नाकावरच्या पट्ट्या, चुंबकाची क्लिप, उंच उशी, काढे, सगळी यात्रा करून शेवटी ईएनटी आणि स्लीप टेस्टपर्यंत पोचलोय. माझं मत आधीच सांगून टाकते. बऱ्याचदा उपाय ठीकच असतो, जागा चुकलेली असते. अडचण जिभेच्या मुळाशी आणि आपण पट्टी लावतोय नाकावर, मग घोरणं परत येणार नाही तर काय होणार.

आत काय होतं ते एकदा नीट समजलं की बाकी सोपं जातं. नाकाच्या मागपासून स्वरयंत्रापर्यंत जो घसा आहे ना त्याला हाडाचा आधार नाही, मऊ टाळू, पडजीभ, टॉन्सिल, जिभेचं मूळ, सगळं मऊ मांस. जागेपणी स्नायू ताठ असतात म्हणून वाट उघडी राहते, झोप लागली की ते ढिले पडतात आणि वाट अरुंद होते, अरुंद वाटेतून हवा जोरात जाते आणि कडेचं मांस फडफडतं, तोच आवाज. शहाळं पिताना कागदाची नळी भिजून मऊ पडली आणि आपण जोरात ओढलं की कशी आतल्या आत चिकटते, तसंच. नाक चोंदलेलं असेल तर ओढ अजून जास्त लागते, म्हणजे नळी अजून चिकटणार. आणि पूर्ण चिकटली की आवाज बंद. पण तेव्हा श्वासही बंद असतो हे लक्षात घ्या. असा श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला तर त्याला अॅप्निया म्हणतात, मग मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, एक मोठा खर्र असा श्वास घेतला जातो, आणि परत पहिल्यापासून. सकाळी त्या माणसाला यातलं काहीही आठवत नाही, उलट तोच सांगतो की मस्त झोप लागली होती.

म्हणून ते "बघ कसा गाढ झोपलाय, घोरतोय नुसता" हे आपल्याकडचं वाक्य मला आता ऐकवत नाही. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव स्लीप अॅप्निया हेच कारण सांगितलं होतं, तोपर्यंत आमच्या नातेवाइकांपैकी कोणी हा शब्दही ऐकला नव्हता.

आधी रेकॉर्डिंग करा, खर्च नंतर

काहीही विकत घ्यायच्या आधी दोन-तीन रात्री मोबाईलवर रेकॉर्ड करा. आवाज रेकॉर्ड करणारी अॅप आहेत, स्नोअरलॅबसारखी, ती रात्रभर ऐकून किती वेळ आणि किती मोठ्याने ते दाखवतात, पण माझ्या मते त्यापेक्षा उपयोगी म्हणजे पहाटेच्या सुमाराला काढलेला पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि तेव्हा स्नायू सगळ्यात ढिले असतात. व्हिडिओत काय बघायचं? तोंड उघडं आहे का बंद, माणूस उताणा आहे का कुशीवर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मध्येच आवाज थांबून छाती-पोट हलतंय पण हवा जात नाहीये असं होतंय का. हे एकदा बघितलं की विसरता येत नाही.

सोबत एक साधी नोंद ठेवा: त्या दिवशी दारू होती का, सर्दी होती का, झोपेची गोळी घेतली होती का, जेवण किती उशिरा झालं. घोरणं फक्त उताणं झोपल्यावर असेल तर एक दिशा, फक्त शनिवारी पार्टीनंतर असेल तर दुसरी, पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या साफसफाईनंतर वाढत असेल तर तिसरी, आणि रोज, कुठल्याही कुशीवर, बारा महिने असेल तर मग घरगुती प्रयोगात वेळ घालवू नका.

नाकाची एक घरच्या घरी करायची टेस्ट आहे. आरशासमोर उभं राहा, एक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरीने जोरात श्वास घ्या, मग उलट. नाकपुडी आत चिकटतेय का ते बघा. मग गालावर बोटं ठेवून गाल कानाच्या दिशेला हलकेच ओढा आणि परत श्वास घ्या, एकदम मोकळं वाटलं तर अडथळा नाकपुडीच्या जवळपास आहे आणि अशा लोकांना नाकावरच्या पट्टीचा किंवा आतून नाक उघडं धरणाऱ्या त्या सिलिकॉनच्या वस्तूचा खरंच फायदा होतो. काहीच फरक नाही पडला तर पट्टीवर पैसे घालू नका. ती चुंबकाची क्लिप मात्र कोणालाच उपयोगाची नाही, ऑनलाइन फोटो कितीही छान असोत.

डॉक्टरकडे कधी, याला फार डोकं लावायची गरज नाही

डॉक्टर आठ प्रश्न विचारतात, स्टॉप-बॅंग म्हणतात त्याला, घरीही मोजता येतात. बंद दाराबाहेर ऐकू येईल इतकं घोरता का, दिवसा थकलेले असता का, झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिलंय का, बीपी आहे का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष आहात का. तीन किंवा चार हो आले तर धोका मध्यम, पाच किंवा जास्त आले तर जास्त, स्लीप टेस्ट करून घ्या. गळ्याचा घेर मोजायला शर्टाची कॉलर बघा, साधारण पावणेसोळा इंच म्हणजे ४० सेंटिमीटर. या यादीत नसलेल्या गोष्टीही असतात: सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, रात्री लघवीला सारखं उठणं, बीपीच्या तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी खाली न येणं. आणि एक्सप्रेसवेवर गाडी चालवताना डुलकी येत असेल तर टेस्ट होईपर्यंत कृपा करून स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या.

बारीक माणसाला हे होत नाही असं समजू नका. आशियाई लोकांमध्ये जबडा आणि चेहऱ्याच्या ठेवणीमुळे कमी वजनातही अॅप्निया दिसतो, आमचे सासरे काटकुळेच आहेत. थायरॉइड कमी असेल तरी घोरणं वाढतं, ती रक्ताची टेस्ट सोबतच करून टाका. आणि बायकांचं काय, तर पाळी गेल्यावर घोरणं वाढतं, पण बाई घोरते म्हणजे काहीतरी लाजिरवाणं असं घरात वातावरण असतं, मग ती डॉक्टरला सांगते "झोप लागत नाही, थकवा आहे, चिडचिड होते" आणि घोरण्याचा विषयच निघत नाही, हातात झोपेची किंवा टेन्शनची गोळी येते. बाईने स्वतःहून सांगावं लागतं, आणि नवऱ्याने साक्षीदार म्हणून सोबत जावं.

स्लीप टेस्ट दोन प्रकारे होते. लॅबमध्ये एक रात्र झोपायचं, डोक्याला, डोळ्यांजवळ, छातीला, पायांना वायरी, किंवा घरी छोटं यंत्र, नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. घरची टेस्ट स्वस्त आणि सोयीची पण एक गोची आहे, साध्या यंत्राला तुम्ही नक्की किती तास झोपलात ते कळत नाही, ते यंत्र चालू होतं ते सगळे तास धरून भागाकार करतं, म्हणून रात्रभर तळमळत पडलेल्या माणसाचा आकडा कमी येऊ शकतो. लक्षणं जोरदार आणि घरचा रिपोर्ट नॉर्मल असं झालं तर लॅबची टेस्ट मागून घ्या. रिपोर्टमधला मुख्य आकडा एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा खूप कमी झाला. ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. उताणं झोपल्यावरचा आणि कुशीवरचा आकडा वेगळा दिलेला असतो तो पण बघा, त्यावर बरंच ठरतं.

उपाय केला तरी परत का होतंय

नाकापासून सुरू करू. अॅलर्जीचं नाक असेल तर डॉक्टर स्टिरॉइडचा स्प्रे देतात, लोक तो तीन दिवस मारतात आणि काही फरक नाही म्हणून सोडतात. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, रोज मारावा लागतो. मारायची पद्धतही असते, मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने, म्हणजे बाटलीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूला राहतं, नाहीतर नाकातून रक्त येतं आणि मग तेही कारण होतं सोडायला. दुसरे ते लगेच नाक मोकळं करणारे सर्दीचे ड्रॉप, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन वगैरे, त्यांनी पहिल्या रात्री चमत्कार होतो पण आठवडाभराच्या पुढे वापरले की नाक त्याच्यामुळेच चोंदायला लागतं, मग अजून ड्रॉप, अजून चोंदणं. घोरणं परत येण्याचं हे एक अगदी कॉमन कारण आहे आणि कोणी सांगत नाही कारण ड्रॉप "साधाच" वाटतो. नाकात तेल-तूप सोडणाऱ्यांना एवढंच सांगते, झोपेत ते फुप्फुसात उतरलं तर तेलामुळे होणारा न्यूमोनिया ही खरी गोष्ट आहे, म्हाताऱ्या माणसांवर आणि लहान मुलांवर हा प्रयोग नको.

फक्त उताणं झोपल्यावर घोरणाऱ्यांचं काम सगळ्यात स्वस्तात होतं. टी-शर्टच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिस बॉल, हे जुनं आहे आणि चालतं, पण टोचतो म्हणून लोक काही दिवसांत काढून टाकतात, परत सुरू. त्यापेक्षा पाठीमागे लांब लोड किंवा गच्च गुंडाळलेली चादर ठेवा. उशांवर उशा रचू नका, त्याने हनुवटी छातीला टेकते आणि वाट अजून दाबली जाते, पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली तर बरं. दारू झोपायच्या तीन-चार तास आधी बंद, आणि झोपेच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरला घोरण्याबद्दल आवर्जून सांगा, दोन्हींनी स्नायू अजून ढिले पडतात.

वजनाचं आपल्याला माहीत असतं पण किती फरक पडतो ते माहीत नसतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये लोकांना काही वर्षं फॉलो करून २००० साली छापलेला अभ्यास आहे, त्यात वजन १० टक्के वाढलं तर एएचआय साधारण ३२ टक्क्यांनी वाढला आणि १० टक्के कमी झालं तर साधारण २६ टक्क्यांनी कमी झाला असं निघालं. म्हणजे ८० किलोच्या माणसाचे ८ किलो. आणि उलटंही, लग्नसराईत वाढलेले चार किलो घोरणं परत आणायला पुरतात. आता वजन कमी करायची इंजेक्शनं आलीत, टिर्झेपटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र अॅप्नियासाठी मान्यता मिळाली, आपल्याकडे ते २०२५ पासून मुंजारो नावाने मिळतं. पण बंद केलं की वजन परत येण्याची शक्यता मोठी, आणि हे मेडिकलवाल्याला विचारून घ्यायचं औषध नाही.

जबडा पुढे धरणारं उपकरण, दातांवर बसतं, खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे आणतं म्हणजे जीभ मागे पडत नाही. साधं घोरणं किंवा सौम्य-मध्यम अॅप्निया असलेल्यांना चांगलं. गरम पाण्यात मऊ करून चावायचं ते ऑनलाइन मिळतं, पण ते सैल पडतं, डेंटिस्टकडून मापाने करून घेतलेलं टिकतं आणि हळूहळू पुढे सरकवत नेता येतं. सुरुवातीला जबडा दुखतो, लाळ गळते, दीर्घकाळ वापरून दातांची पकड थोडी बदलू शकते म्हणून मधून मधून दाखवायला जावं लागतं. कवळी असलेल्यांना जमत नाही बहुधा.

ऑपरेशनबद्दल जरा सावध बोलते. नाकाचं वाकडं हाड सरळ केलं की नाक मोकळं होतं, घोरणं जाईलच असं नाही. टाळू आणि पडजिभेचं ऑपरेशन केल्यावर आवाज बऱ्याचदा कमी होतो, काहींचा काही वर्षांनी परत येतो, पण मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची, फडफडणारं मांस काढलं म्हणून आवाज गेला आणि जिभेच्या मुळाशी श्वास अडकतोच आहे, आता तर घरच्यांना ऐकूही येत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी औषधाने झोपवून दुर्बिणीने नक्की कुठे अडतंय ते बघतात का हे सर्जनला विचारा, आणि ऑपरेशननंतर काही महिन्यांनी परत स्लीप टेस्ट कराच, कितीही शांत झोपत असले तरी.

मशीन लावूनही घोरतात त्यांच्यासाठी

सीपॅप मशीन म्हणजे मास्क लावून नाकातून सतत थोड्या दाबाने हवा सोडून घसा आतून उघडा धरायचा. सिडनीच्या कॉलिन सलिवन यांनी हे १९८१ साली छापलं, सुरुवातीच्या मशीनला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती म्हणतात तेव्हा आवाज काय असेल विचार करा, आजची मशीन पंख्याच्या आवाजात ऐकूही येत नाहीत. मध्यम-तीव्र अॅप्नियाला हाच सगळ्यात भरवशाचा उपाय, आणि तरीही कित्येक मशीन कपाटावर धूळ खात पडलेली असतात, कारण पहिल्या महिन्यातल्या बारीकसारीक तक्रारी कोणी सोडवून देत नाही.

मास्क लावूनही घोरण्याचा आवाज आला तर आधी लीक, म्हणजे मास्कच्या कडेने हवा निसटतेय का ते बघा, मशीनच्या स्क्रीनवर किंवा अॅपमध्ये लीक आणि एएचआय दोन्ही दिसतात, एएचआय ५ च्या आत हवा. नाकाचा मास्क आहे आणि तोंड उघडतंय तर हवा तोंडातून निघून जाते, सकाळी घसा खरखरीत कोरडा, यावर आधी नाक मोकळं करा, तरी नाही जमलं तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. तोंडाला चिकटपट्टी लावायचं फॅड सध्या रील्समध्ये फिरतंय, नाक चोंदणाऱ्या किंवा टेस्ट न झालेल्या माणसाने ते अजिबात करू नये. मास्कचे पट्टे बसून घट्ट करू नका, आडवं होऊन हवा चालू करून मग जुळवा, आणि फार आवळलं तर लीक उलट वाढते आणि नाकाच्या हाडावर जखम होते. दाढीवाल्यांनी नाकपुड्यांत बसणारा छोटा प्रकार बघावा. सिलिकॉनची गादी जुनी होऊन निबर पडते, सगळं ठीक चालू असताना अचानक महिन्या-दोन महिन्यांत बिघडलं असेल तर संशय आधी तिच्यावर, मग वजनावर, मग सर्दीवर. ठरावीक दाबाचं मशीन असेल आणि वजन वाढलं असेल तर दाब परत तपासून घ्यावा लागतो, स्वतः सेटिंगमध्ये जाऊन वाढवू नका.

एसीच्या खोलीत नळीत पाणी साठून गुडगुड होत असेल तर आर्द्रता कमी करा किंवा नळीला कापडाचं कव्हर घाला, आणि मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी घातलं तर क्षार धरतात. लाईट जाणाऱ्या भागात मशीन इन्व्हर्टरवर चालतं, तेव्हा पाणी गरम करणारा भाग बंद ठेवा, जास्त वीज तोच खातो. पोटात हवा जाऊन फुगत असेल तर डॉक्टरला सांगा, दाब कमी करता येतो. आणि एकदम विकत घेऊ नका, बऱ्याच शहरांत महिन्याच्या भाड्याने मिळतं, दोन-तीन मास्क घालून बघा. सवय करायची तर आधी संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास नुसतं लावून बसा, नवऱ्याला हेच कामी आलं.

घशाचे व्यायाम काम करतात का असं खूपजण विचारतात. थोडं करतात, रोज केले तर. २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये २५ लोकांवर डिजेरिडू वाजवण्याचा प्रयोग झाला होता, ते ऑस्ट्रेलियातलं लांबलचक लाकडी वाद्य, आणि २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी ३० पेशंटवर शंख फुंकण्याचा अभ्यास छापला, दोन्हींत फरक दिसला. अभ्यास छोटे आहेत. शंख फुंकायचा तर फुंका, शेजाऱ्यांना सांगून, पण तीव्र अॅप्नियात मशीन सोडून नाही.

लहान मूल रोज घोरत असेल तर "बाबांवर गेलाय" म्हणून हसू नका. बहुतेक वेळा अॅडिनॉइड (नाकाच्या मागची मांसाची गाठ) आणि टॉन्सिल वाढलेले असतात, मूल तोंडाने श्वास घेतं, झोपेत घामाघूम होतं, मोठं झालं तरी अंथरूण ओलं करतं, शाळेत लक्ष लागत नाही. ईएनटीला दाखवा, गरज असेल तर ते काढल्यावर बऱ्याच मुलांचा प्रश्न सुटतो.

मोठ्यांनी आधी ईएनटीकडे जावं का छातीच्या डॉक्टरकडे, तर नाक चोंदणं, टॉन्सिल असं काही असेल तर ईएनटी, नाहीतर झोपेचं काम बघणारा छातीचा डॉक्टर. जाताना तो व्हिडिओ, चालू गोळ्यांची यादी, बीपीचे आकडे आणि रात्री शेजारी झोपणारा माणूस, एवढं सोबत न्या. आणि कुठलंही दुसरं ऑपरेशन ठरलं, गुडघ्याचं असो की मोतीबिंदूचं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरला अॅप्निया आहे हे स्वतःहून सांगा आणि मशीन हॉस्पिटलच्या बॅगेत भरा, कारण भुलेच्या आणि वेदना कमी करायच्या औषधांनी पहिल्या काही रात्री घसा नेहमीपेक्षा जास्त ढिला पडतो.